बांधावरची निलगिरी आणि बाटलीतलं तेल

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सांवेरकडच्या त्यांच्या शेताच्या बांधावर सासऱ्यांनी लावलेली दीडशेएक निलगिरीची झाडं आहेत. यंदा ती लाकडासाठी तोडायची आहेत. त्या विचारतात, पाला नुसता जाळून टाकण्यापेक्षा त्याचं तेल काढता येईल का, आणि ते दुकानातल्या बाटलीसारखं निघेल का? शिवाय सासूबाई सर्दी झाली की नातवंडांना कोमट पाण्यातून या तेलाचे दोन थेंब पाजतात, ते चालतं का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. पाजू नका. आजपासून बंद. सासूबाईंना वाईट वाटेल, पण बाटली वरच्या फडताळात, कुलपात गेली पाहिजे. कारण पुढे सांगतोच.

आता तेलाचं. तेल निघेल. निलगिरीचं पान उन्हाकडे धरून बघा, सुईनं टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगाळलं की त्या फुटतात आणि वास येतो. तेव्हा निघेल का, हा प्रश्नच नाही. काय निघेल, हा खरा प्रश्न. माझी तीस वर्षं सुगंधी तेलांच्या भट्ट्यांवर आणि त्यांच्या तपासणीत गेली, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा मला एकच वाक्य बोलावं लागलं: 'निलगिरीचं तेल' नावाची एक वस्तू नसते. एका नावाखाली चार वेगळी तेलं बाजारात फिरतात, आणि तुमच्या झाडाचं बहुतेक पाचवंच असणार.

या झाडाचं माहेर ऑस्ट्रेलिया. तिथे याच्या सातशेच्या वर जाती आहेत. १७८८ साली इंग्रजांचा पहिला ताफा सिडनीला उतरला, त्यातल्या जॉन व्हाइट या शल्यवैद्यानं तिथल्या एका जातीच्या पानांचं तेल काढून नमुना इंग्लंडला धाडला. धंदा म्हणून भट्टी लावली ती मेलबर्नकडच्या जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्यानं, १८५२च्या सुमारास. आपल्याकडे टिपू सुलतानानं नंदी हिल्सवर ही झाडं लावली असं सांगतात. पण ती खरी रुजली १८४३ नंतर निलगिरी डोंगरात, म्हणून आपण झाडाला डोंगराचंच नाव देऊन टाकलं. घोळ इथूनच सुरू होतो. उटी-कुन्नूरकडे जी निलगिरी आहे ती ग्लोब्युलस जातीची. कोवळी पानं निळसर, पांढरट भुकटी लागल्यासारखी, देठाशिवाय समोरासमोर चिकटलेली. फळ सुपारीएवढं, खडबडीत. हिला थंडी लागते. उटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे, आपलं इंदूर साडेपाचशेवर. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तिथे ग्लोब्युलस काय तग धरणार!

माळव्यात बांधावर, रस्त्याकडेला, वनखात्याच्या लागवडीत दिसते ती बहुतेक टेरेटिकॉर्निस किंवा तिचे संकर. रोपवाटिकेत हिलाच 'मैसूर गम' म्हणायचे. हिची लागवड बल्ल्यांसाठी आणि कागदाच्या लगद्यासाठी झाली. तेलाचा विचार करून कुणी लावलेली नाही. दुसरी असू शकते ती कामाल्डुलेन्सिस. ओळखायचं असेल तर कळी बघा. निलगिरीच्या कळीवर एक टोपी असते, फूल उमलताना ती गळून पडते. टेरेटिकॉर्निसची टोपी लांब, शिंगासारखी निमुळती. कामाल्डुलेन्सिसची आखूड, चोचीसारखी. तिसरी शक्यता सिट्रिओडोराची. तिला कळी बघायचीही गरज नाही, पान चुरगाळलं की लिंबाचा वास येतो. खोड गुळगुळीत, पांढरट-गुलाबी. वनस्पतिशास्त्रज्ञांनी हिला १९९५ मध्ये निलगिरीच्या कुळशाखेतून काढून कोरिम्बिया या वेगळ्या नावाखाली टाकलं, पण भट्टीवाले अजून जुन्याच नावानं हाक मारतात. मीही.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे बाटलीतला माल. औषधी निलगिरी तेलाचा जीव म्हणजे सिनिओल, ज्याला युकॅलिप्टॉलही म्हणतात. ब्रिटिश औषधकोशाप्रमाणे तेलात ते किमान ७० टक्के लागतं. ग्लोब्युलसच्या पानातून साधारण तेवढं येतं, आणि तेल शुद्ध करून ८० टक्क्यांपर्यंत नेतात. मैदानी टेरेटिकॉर्निसचं मात्र काही सांगता येत नाही. एकाच बांधावरच्या दोन झाडांत फरक पडतो. कुणाच्यात सिनिओल निम्म्याच्या आसपास, कुणाच्यात त्याहूनही बरंच कमी, आणि उरलेली जागा पायनीननं भरलेली. पायनीन म्हणजे टर्पेंटाइनमधला मुख्य घटक. म्हणून तुमच्या पानाचं तेल काढलंत आणि त्याला थोडा रंगाऱ्याच्या डब्याचा वास आला, तर भेसळ झाली असं समजू नका. झाडच तसं आहे. सिट्रिओडोराचा तर प्रकारच निराळा. तिच्यात सिनिओल नावापुरतं, सिट्रोनेलाल दोन-तृतीयांशाच्या वर. ते तेल सर्दीच्या कामाचं नाही, साबणाच्या आणि अत्तराच्या कामाचं.

यावर तुम्ही म्हणाल, मग प्रयोग तरी करून बघू या. जरूर करा. आणि त्यासाठी भट्टी विकत घेऊ नका, घरातलं मोठं स्टीलचं पातेलं पुरेसं आहे.

मी घरी करतो तो प्रकार सांगतो. पाला सकाळी तोडायचा, फांद्या-काड्या काढून नुसती पानं घ्यायची, रात्रभर सावलीत पसरायची म्हणजे जादाचं पाणी उडतं. पावसाळ्यातला ओला पाला नको, तो काळवंडतो. दुसऱ्या दिवशी अर्धा किलो पानं कात्रीनं जाडसर कापायची. पातेल्याच्या तळाशी चार बोटं पाणी, त्यावर इडलीपात्राची चाळणी किंवा स्टँड, स्टँडभोवती पानं आणि मधोमध वर एक काचेची वाटी. पातेल्यावर झाकण उलटं ठेवायचं, मूठ आत, बरोबर वाटीवर येईल अशी. झाकणाच्या खोलगटात बर्फ. खालून मंद आच. वाफ वर जाते, थंड झाकणाला लागून पाणी होते, मुठीवरून टपटप वाटीत पडते. बर्फ वितळला की कपड्यानं टिपून नवा घालायचा. खिडकी उघडी आणि आच मंदच, हे पाळा. तेल पेट घेणारं आहे. पाऊण तासानं वाटी काढली की आत दुधट पाणी दिसेल. निराश होऊ नका, ते दूध म्हणजेच बारीक बारीक थेंबांत विखुरलेलं तेल. अरुंद काचेच्या कुपीत ओतून रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी पाणी नितळ आणि वर फिकट पिवळी चकती. माझ्या नातीनं ती पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली, "आजोबा, एवढंच?" अर्ध्या किलो पानांना दोन-तीन मिलिलिटर, तेही नशिबानं, कारण या पद्धतीत बरीच वाफ कडेनं निसटते.

कुकरवर नळी लावून करायचा मोह होतो, व्हिडिओही भरपूर दिसतात. करू नका. पानाचा तुकडा व्हॉल्व्हच्या भोकात अडकला तर आत दाब चढतो आणि कुकर बॉम्ब होतो.

एक गंमत इथे सांगून टाकतो. सिनिओल १७६ अंशांना उकळतं, तरी ते शंभर अंशांच्या वाफेबरोबर कसं येतं, असं मला दर वेळी कुणीतरी विचारतं. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघं आपापल्या परीनं वाफेचा दाब निर्माण करतात आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं, शंभरच्या थोडं आधीच. पाणी तेलाला पाठुंगळीवर घेऊन येतं म्हणा ना.

मोठ्या भट्टीचं तत्त्व हेच, फक्त खोड्या जास्त. टाकीत जाळीवर पाला दाबून भरायचा, खालून वाफ सोडायची, वरून ती कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीत, तिथून ग्राहकपात्रात, म्हणजे तेल जमा होतं त्या भांड्यात. पाला सैल भरला तर वाफ मधूनच एक वाट करून पळते आणि कडेचा पाला कोरा राहतो. फार दाबला तर वाफ चढतच नाही. हे प्रमाण पायाला कळतं. टाकीत उतरून तुडवणारे जुने कामगार डोळे मिटून सांगायचे, बस, आता झालं. बहुतेक तेल पहिल्या तास-दीड तासात येतं, पुढचे दोन तास शेपटासाठी. कंडेन्सरला थंड पाणी अखंड लागतं, आणि उन्हाळ्यात तुमच्याकडच्या बोरिंगला किती पाणी असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी तापलं की वाफ न थिजताच बाहेर पडते. शेजारच्या वावरातला माणूस "काय मस्त वास येतोय" म्हणाला की समजावं, आपलं तेल त्याच्याकडे चाललंय.

माझी पहिली मोठी चूक ग्राहकपात्राच्या झाकणाची. रबरी वायसर होता, पाण्याच्या टाकीला असतो तसा. चौथ्या घाण्याला बघतो तर वायसर फुगून पापडासारखा झालेला आणि तेलाला सायकलच्या ट्यूबचा वास. सहा दिवसांचा माल गेला. सिनिओल रबर आणि पुष्कळ प्रकारचं प्लास्टिक विरघळवतं; दातांचे डॉक्टर रूट कॅनालमधलं जुनं गट्टा-पर्चा, म्हणजे रबरासारखं भरण, काढायला हेच तर वापरतात. म्हणून तेल काचेत, स्टीलमध्ये किंवा ॲल्युमिनियमच्या कुपीत. घरी दूध-पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत तर अजिबात नको, एक म्हणजे बाटली खराब होते आणि दुसरं, कुणीतरी पाणी समजून पितं. लोखंडी टाकीत तेल लाल-काळं पडतं, तेव्हा स्टेनलेस स्टील किंवा कल्हई केलेलं तांबं. आणि ग्राहकपात्र चुलीपासून लांब. हे तेल पन्नास अंशांच्या आसपासच ठिणगीनं पेट घेऊ शकतं. मे महिन्यातल्या दुपारी, चुलीशेजारी, तेवढं तापायला कितीसा वेळ लागणार?

आता व्यवहार. टेरेटिकॉर्निसच्या ताज्या पानातून अर्धा ते एक टक्का तेल धरा. म्हणजे १०० किलो निवडलेल्या पानांना अर्धा ते एक किलो. फांद्यांसकट वजन केलंत तर आकडा त्याहूनही खाली जाईल, आणि तोडणारे मजूर पानं निवडून देत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. घाऊक व्यापारात या तेलांचा ड्रम साधारण १८० किलोंचा असतो. ०.७ टक्क्यांनी हिशेब केला तर एक ड्रम भरायला जवळजवळ २६ टन पानं लागतात. तुमच्या दीडशे झाडांचा पाला त्याच्या जवळपासही जाणार नाही. मग इंदूरच्या सियागंज बाजारात दहा-बारा किलो तेल घेऊन गेलात तर व्यापारी चहा पाजेल, भाव देणार नाही. त्यात तुमचं तेल पायनीनचं निघालं तर औषधवाला घेणार नाही, फिनाइल आणि फरशी पुसायची द्रावणं करणारा घेईल, आणि त्याला स्वस्तातच हवं असतं. औषध म्हणून लेबल लावून विकायचं तर १९४०च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली परवाना लागतो, तो निराळा खटाटोप.

तेव्हा यंदाच्या पाल्यासाठी भट्टी उभारण्यात अर्थ नाही. पण झाडं तोडताना एक करा. बुंधा जमिनीपासून वीतभर ठेवून तिरका, साफ कापायला सांगा. टेरेटिकॉर्निस बुंध्यापासून चांगली फुटते. वर्षा-दीड वर्षात हाताच्या उंचीवर कोवळ्या पानांचं झुडूप तयार होतं, शिडी न लावता तोडता येतं. त्याच काळात पाच-सहा झाडांचा पाला वेगवेगळा ठेवून पातेल्यात घाणे करा आणि कुप्यांवर झाडाचा नंबर घाला. जे तेल नाकाला स्वच्छ, गार, औषधी वाटेल ते तपासायला पाठवा. कनौजचं सुगंध व सुरस विकास केंद्र आणि लखनौची सीमॅप ही औषधी-सुगंधी वनस्पतींची संस्था, ही दोन्ही ठिकाणं या कामासाठी नावाजलेली आहेत. गॅस क्रोमॅटोग्राफवर घटकांचे टक्के लिहून मिळतात. आमच्या उमेदीत हे यंत्र दुर्मीळ होतं. तेव्हा ३ ग्रॅम कोरडं तेल आणि २.१ ग्रॅम वितळवलेलं ऑर्थोक्रेसॉल नावाचं रसायन परीक्षानळीत घ्यायचो, थर्मामीटरनं ढवळत ते कितव्या अंशाला गोठतं ते बघायचो, आणि तक्त्यावरून सिनिओल काढायचो. शुद्ध सिनिओल असेल तर ५५ अंशांच्या वर गोठायचं. थंडीच्या सकाळी ती नळी एकाएकी पांढरी व्हायची, ते बघायला मजा यायची.

घरच्या घरी भेसळ ओळखायची असेल तर टिपकागदावर एक थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी हुंगा. चांगलं तेल उडून जातं, मागे जवळजवळ काही ठेवत नाही. खाद्यतेल मिसळलेलं असेल तर डाग राहतो, टर्पेंटाइन असेल तर राळेचा चिकट वास. मात्र सगळ्या लबाड्या अशा पकडता येत नाहीत. एका व्यापाऱ्याकडून मी एकदा 'निलगिरी' म्हणून ड्रम घेतला. सिनिओल उत्तम, डाग नाही, पण वासात कापराची एक बारीक छटा होती. निलगिरीचं पान त्या तेलानं बघितलंच नव्हतं. कापराच्या झाडाच्या तेलातूनही सिनिओलचा भाग वेगळा काढता येतो, आणि चीनमधून तसा माल निलगिरी या नावानं बरीच वर्षं जगभर गेला. त्याला खोटं म्हणावं का, यावर माझं आणि माझ्या भागीदाराचं कधी एकमत झालं नाही. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक सिनिओलचे पैसे देतं. माझं म्हणणं, गिऱ्हाईक लेबल वाचतं.

तेलासाठीच झाडं लावायची असतील तर बांधावर सिट्रिओडोरा लावा. ती मैदानात, उन्हात चालते, पानात तेलही जास्त. मीटरभर उंचीवर छाटून कुंपणासारखी ठेवायची, वर्षातून दोनदा पानं मिळतात. फक्त काळ्या मातीत पाणी तुंबतं ते तिला सोसत नाही, उंच बांधच हवा. तिच्या तेलापासून डास पळवणारं औषध बनतं हे खरं, पण नुसतं तेल अंगाला चोळून ते होत नाही. त्यातलं सिट्रोनेलाल आम्लाची प्रक्रिया करून पीएमडी नावाच्या पदार्थात बदलतात, तो तासन्‌तास टिकतो. नुसतं तेल थोड्याच वेळात उडून जातं आणि कातडीला झोंबतं ते वेगळंच.

आता नातवंडांचं. दोन थेंब म्हणजे फार नाही, आम्हीही प्यायलोय, असं सासूबाई म्हणतील. थेंब मोजणारा हात थरथरला किंवा पोरानं बाटलीच तोंडाला लावली तर चमचाभर जातं, आणि चमचाभर, म्हणजे पाचेक मिलिलिटर तेलानं लहान मुलाला झटके येऊन शुद्ध हरपल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. तेल पोटात गेल्यावर अर्ध्या तासात, कधी त्याही आधी परिणाम दिसतो. असं झालं तर उलटी करवायची नाही, कारण तेल श्वासनळीत गेलं की फुफ्फुसाला इजा होते. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठायचा. फिट येणाऱ्या मोठ्या माणसांनीही याच्यापासून लांब राहावं. निलगिरी आणि कापराच्या तेलांनी, बामांनीसुद्धा झटके आल्याचं दक्षिणेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवलं आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या नाकाशी, चेहऱ्याशी हे तेल लावूच नये, श्वास अडखळू शकतो. रुमालावर थेंब टाकून तो बाळाच्या झबल्याला बांधतात, तेही नको. घरात मांजर असेल तर तिच्यापासूनही लांब ठेवा.

मग सिनिओल गोळीतून देतात ते कसं, असं कुणी म्हणेल. जर्मनीत दमा आणि सायनसवर ते कॅप्सूलमधून तपासून पाहिलं आहे, पण मोजलेलं २०० मिलिग्रॅम, शुद्ध, मोठ्या माणसाला आणि डॉक्टरच्या देखरेखीत. बांधावरच्या कच्च्या तेलात तर सिनिओलखेरीज घशाला खोकला आणणारी अल्डिहाइडंही असतात. कारखान्यात ती काढून टाकतात, पातेल्यात राहतात. मोठ्यांना वाफ घ्यायची असेल तर साध्या पाण्याची घ्या, वासासाठी दुकानातल्या तेलाचा एक थेंब पुरे, डोळे मिटून. नाक लगेच मोकळं झाल्यासारखं वाटतं, त्यात थंडावा जाणवण्याचाच भाग मोठा, सूज काही तेवढ्यात उतरत नाही. पोरांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका. भाजल्याच्या केसेस तिथूनच येतात.

तोडणी सुरू व्हायच्या आधी एका झाडाची कळ्या आणि फळं असलेली डहाळी कागदात दाबून ठेवा, आणि कोवळं एक पान वेगळं. फोटोवरून जात सांगताना माझी दोनदा चूक झाली आहे, फळ हातात असलं तर होत नाही.